पोहे खायला ये, पापांनाही आण

चहा घेता घेता सांगतो, पण हसायचं ते शेवटी. कारण या किश्शातला गाढव कोण, हे कळायला मला दीड महिना लागला. तुम्हाला बहुतेक लवकर कळेल.

आमची मुग्धा यंदा बारावी झाली. एकुलती एक लेक. इंदूरला पलासियाच्या विमा ऑफिसात मी आयुष्यभर लोकांना फॉर्म भरायला शिकवतोय, तेव्हा लेकीच्या कॉलेजचं मीच बघणार हे ठरलेलंच होतं. म्हणजे कम्प्यूटर इंजिनीअरिंग. कोणी ठरवलं म्हणता? अहो, त्यात ठरवायचं काय असतं?

ऑफिसातला एक जण म्हणाला, "भिया, कॉलेजसाठी फोरमवर जा. सब मिल जाएगा." फोरम म्हणजे इंटरनेटवरचा पालकांचा कट्टा. तिथे खरं नाव द्यावं लागत नाही. प्रश्न टाकायचा, देशभरातले आईबाप उत्तरं देतात. मी 'इंदौरी पापा' नावाने आत शिरलो. मुग्धा मला बाबा म्हणते, पण तिथे सगळे पापाच होते.

पहिलाच प्रश्न विचारला होस्टेलच्या जेवणाचा. अर्ध्या तासात अकरा उत्तरं! आता मला सांगा, परक्या माणसांनी आपल्यासाठी इतकं करायचं आणि आपण नुसतं थँक्यू म्हणून उठायचं? इंदूरच्या माणसाला हे जमत नाही. मी खाली लिहिलं, 'इंदौर आओ तो घर पे पोहा खाने आना.' नुसतं या म्हणून कसं चालेल, म्हणून तुकोगंजचा पत्ता दिला, मजला दिला, लिफ्टचा भरवसा नाही हेही कळवलं. पुढे प्रत्येक उत्तराखाली हे निमंत्रण आपोआप जाईल अशी सोयही करून घेतली.

वैशाली, माझी बायको, तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, "आपल्या लग्नाच्या पत्रिकाही इतक्या वाटल्या नव्हत्या हो."

मी म्हटलं, कोण येतंय खंडव्याहून पोहे खायला?

पुढच्या रविवारी खंडव्याहूनच आले. एक गृहस्थ, त्यांचा मुलगा आणि एक जाडजूड फाईल. दीड तास मी त्यांना समजावलं. मला काय येत होतं? फोरमवर लोकांनी मला जे सांगितलं, तेच मी त्यांना सांगितलं. जाताना ते हात जोडून म्हणाले, "सरजी, आपने तो आँखें खोल दीं." घरी पोहोचल्यावर त्यांनी फोरमवरही तसंच लिहिलं.

झालं! विचारणारा होतो, तो उत्तरं देणारा झालो. माझ्या नावापुढे तारा लागला. लोक गुरुजी म्हणायला लागले. ऑफिसातून आलो की मी थेट खुर्चीत, जगाच्या पोरांचं भलं करत बसलेला.

त्या दिवसांत मुग्धा दोनदा खुर्चीजवळ आली होती. "बाबा, तुमच्याशी जरा बात करायची आहे. कॉलेजचीच." पहिल्यांदा मी म्हटलं, थांब बेटा, उज्जैनच्या एका मुलाचं फार अडलंय. दुसऱ्यांदा म्हटलं, तू टेन्शन घेऊ नको, तुझी यादी तयार आहे. यादी तिच्या हातात दिली. बावीस कॉलेजं, सगळीकडे कम्प्यूटर.

तिने यादीची घडी केली आणि सोयाबीनच्या पेरणीला महूला निघून गेली. तिथे माझ्या बहिणीचं शेत आहे. मुग्धा दर सुट्टीत जाते, गुडघ्यापर्यंत माती लावून परत येते आणि मी दारातच सांगतो, आधी पाय धू. याही वेळी तेच सांगितलं.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची शेवटची तारीख सोमवार होती. त्याच्या आधीच्या बुधवारी फोरमवर एका मुलीचा प्रश्न आला. नाव घेतलं होतं 'काली मिट्टी'. तिला शेतीशास्त्र शिकायचं होतं. मार्क चांगले होते, पण पापांनी दुसरंच ठरवून टाकलं होतं. पापा वाईट नाहीत, तिने लिहिलं होतं, फक्त त्यांना ऐकायला वेळ नाही. सोमवारी फॉर्म बंद होईल. मी काय करू?

खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी समजूतदार पोर, आणि बाप कुठे उलथलाय? मी चष्मा पुसला आणि लिहिलं, 'बेटा, जो बाप अपनी बेटी की दो मिनट नहीं सुन सकता, वो गधा है. रविवार को उनको लेके मेरे घर आ जा. पोहा खिलाऊँगा और ऐसी क्लास लूँगा कि याद रखेंगे.'

थोड्या वेळात तिचं उत्तर आलं, 'आऊँगी अंकल. पापा को भी लाऊँगी.'

वैशालीला मी दोन्ही वाचून दाखवलं. तिने त्या मुलीचा प्रश्नही वाचायला लावला. मग म्हणाली, "छान लिहिलंत. पोह्यांवर घालायचं जिरावन संपलंय, तेवढं आणा."

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. गरम जिलबी आणली. त्या बापाला सुनावायची वाक्यं आरशासमोर पाठ केली. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, बेल काही वाजेना. टेबलावर बघतो तर प्लेटा तीनच.

"पाहुणे दोन आहेत ना?" मी विचारलं.

"पुरतील," वैशाली म्हणाली.

मी म्हटलं, बाप घाबरला असणार. असल्या माणसांत हिंमत नसतेच.

तेवढ्यात मुग्धा आतून आली. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली. मोबाईल टेबलावर ठेवला, त्यावर माझंच उत्तर.

"अंकल, मी आलेय," ती म्हणाली. "पापांनाही आणलंय. घ्या क्लास."

आणि मी काय केलं असेल? मी दाराकडे बघितलं. खरंच बघितलं, तिच्यामागून कोणी आत येतंय का म्हणून.

"करा की सुरू," वैशाली म्हणाली. "पाठ केलेलं वाया कशाला घालवता?"

पाठ केलेलं एक वाक्य आठवेल तर शपथ. लेकीचा आवाज मात्र किंचित कापत होता, तो मला ऐकू आला. मी एवढंच विचारलं, "मातीत शिकण्यासारखं काय असतं गं?"

मग ती बोलत सुटली. दोन मिनिटं कसली, चांगली तासभर. आत्याच्या शेतातली जमीन उन्हाळ्यात हात जाईल इतकी का भेगाळते, एका बांधाकडे पीक येतं आणि दुसऱ्या बांधाकडे का येत नाही, आत्याला काय करून बघायला सांगितलंय. ही पोर इतकं बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. बोलत असणार, मीच फोरमवर होतो. वाईट वाटलं मला, फार वाटलं. आणि अभिमानही तेवढाच वाटला.

फॉर्म त्याच दुपारी भरला. यादी तिची. माझ्या फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवणं, एवढंच काम माझ्याकडे आलं.

संध्याकाळी फोरमवर सगळे विचारत होते, गुरुजी, वो बाप आया था क्या? गुरुजींना उत्तर देणं भाग होतं. मी लिहिलं, 'आया था. गधा तो है, पर दिल का बुरा नहीं. बेटी की सुन ली. पोहे दो प्लेट खा गया.'

लगेच खाली 'काली मिट्टी'चं उत्तर आलं, 'तीन प्लेट, अंकल.'