कापलेली पहिली ओळ

फाने मोआलाला शांत बसता येत नाही. आमच्या नुकुअलोफा शहराच्या रेडिओ स्टेशनात ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला खुर्ची दिली. ती टेकली, उठली, खिडकीशी गेली, परत टेकली, माझं स्टेपलर उघडून बघितलं आणि विचारलं, इथे बातम्या कुठे बनतात? मी म्हटलं, बाई, इथे बातम्या येतात. काही बनवायचंच असेल तर स्वयंपाकघर मागे आहे. ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं. आता यात लिहून घेण्यासारखं काय होतं, ते तिलाच ठाऊक.

कॉलेजात तिचं शेवटचं वर्ष. विषय पत्रकारिता, जाहिरात आणि जनसंपर्क. तिन्ही एकाच वर्गात, एकाच मास्तरांकडे, कारण आमच्या बेटावर तीन मास्तर परवडत नाहीत. तिनेच मला वेळापत्रक सांगितलं. सोमवारी खरं शोधायचं, बुधवारी ते विकायचं आणि शुक्रवारी माफी मागायची. मी म्हटलं, मग मंगळवारी काय करता? म्हणाली, "मंगळवारी कापतो, कालोमावशी. शब्द कापायला शिकतो."

सहा आठवडे तिला आमच्याकडे काम करायचं होतं. शेवटी निवेदकाची एक जागा भरायची होती आणि दोन पोरी होत्या. दुसरी कोण ते सांगत नाही, ती आता माझी सून आहे. फानेला ती जागा फार हवी होती. वडील न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जातात, आई हॉटेलच्या चादरी धुते, मागे चार भावंडं. दिवसभर तिचा एक पाय टेबलाखाली हलत असायचा. माझा चहा सांडायचा.

माझं काम म्हणाल तर मृत्यूचं निवेदन घेणं. एकोणतीस वर्षं मी त्या खिडकीत आहे. कुणी गेलं की घरची माणसं कागद घेऊन येतात आणि तो दुपारी एकच्या बातम्यांनंतर वाचला जातो. कोण गेलं ते एका ओळीत असतं, बाकी सगळी नावं. कोण कुणाचा काका, कोण कुठल्या बेटावर, कोण ऑस्ट्रेलियात. चार-चार मिनिटं चालतं. त्या वेळात सगळं गाव जेवायचं थांबतं.

त्या बुधवारी सेमिसी लोलोहेआ गेला. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, भला माणूस. गुरुवारी सकाळी त्याचा मुलगा, नाव कितिओने, काळे कपडे घालून, कमरेला शोकाची चटई गुंडाळून खिडकीशी आला. कागद देताना म्हणाला, वरची ओळ बाबांनी स्वतः लिहिली आहे, इस्पितळात, बाकी मी लिहिलं. वरची ओळ वाकडीतिकडी होती. हापाई बेटावर राहणारी माझी थोरली बहीण इलाइसाने, असं नाव तिथे होतं. मी मान डोलावली आणि कागद फानेकडे दिला, कारण त्या आठवड्यात निवेदनं तीच वाचत होती. चूक माझीही आहे. मी तिला सांगायला हवं होतं की याला हात लावू नकोस. पण मला वाटलं, एवढं कुणाला सांगावं लागतं?

एक वाजता मी कपात चमचा फिरवत ऐकत होते. सेमिसी लोलोहेआ यांचं बुधवारी निधन झालं, दफन शनिवारी दहा वाजता, कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. संपलं. पुढे डबाबंद मटणाच्या जाहिरातीचं गाणं लागलं. माझा चमचा थांबला.

ती बाहेर आली तर गाल लाल, डोळे चमकत होते. तीस सेकंदांत बसवलं, म्हणाली. मॅनेजर सामिऊ तिच्या मागेच आले आणि तिची पाठ थोपटली, कारण वाचलेल्या वेळात एक जादा जाहिरात बसली होती. मी विचारलं, नावं कुठे गेली? ती म्हणाली, मावशी, ज्यांची नावं आहेत त्यांना माहीतच आहे की तो गेला. बातमी म्हणजे जे माहीत नाही ते. मास्तर म्हणतात.

"बातमी माहीत नसलेल्यांसाठी असते," मी म्हटलं. "हे माहीत असलेल्यांसाठी असतं. जा आता, माझ्यासमोर पाय हलवू नकोस."

शुक्रवारी सकाळी आठलाच कितिओने आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून म्हणाला की आत्या येत नाही. त्याने फोन केला होता. आत्या एवढंच बोलली, ऐकलं मी रेडिओवर, आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

आमच्यात बहिणीचा मान भावाच्या वर. भाऊ गेला की थोरली बहीण येते, त्याच्या उशाशी बसते, आणलेल्या चटया आणि झाडाच्या सालीची कापडं तिच्यापुढे ठेवतात. ती नसेल तर माणूस पुरता येतो, पण पोरका पुरला जातो, आणि त्याची पोरं पुढे कुठेही मान वर करून बसू शकत नाहीत. त्यात या बहीण-भावांचं अकरा वर्षं वाकडं होतं. आईला कुठे पुरायचं यावरून भांडले होते, हापाईला की इथे. सेमिसीने इथे पुरलं. तेव्हापासून इलाइसानेने भावाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आणि आता रेडिओवर सगळ्या राज्यासमोर तिचं नाव गाळलेलं.

हापाईहून बोट शुक्रवारी संध्याकाळी पाचला सुटते आणि शनिवारी पहाटे इथे लागते. रविवारी आमच्याकडे काहीच हलत नाही, बोट नाही, विमान नाही, कुदळसुद्धा नाही, आणि सोमवारपर्यंत थांबता येत नाही. म्हणजे दुपारी एकचं निवेदन एवढाच काय तो वेळ हातात होता.

वाचून झालेले कागद आम्ही खिळ्याला टोचून ठेवतो, तिथून मी तो काढला आणि फानेसमोर ठेवला. वरच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, हे मेलेल्या माणसाचं अक्षर आहे, आणि ही ओळ तू कापलीस. तिचा पाय थांबला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. मग ती म्हणाली, "मला वाटलं, ती बहीण आहे म्हणजे येणारच." आणि रडायला लागली. मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. मी तिला रुमाल दिला आणि म्हटलं, रडणं नंतर कर, बारा वाजतील.

शुक्रवार होता, माफीचा वार. तिने बसून लिहायला घेतलं. पहिला कागद असा की तांत्रिक कारणामुळे काही नावं प्रसारित होऊ शकली नाहीत, त्याबद्दल दिलगिरी. सामिऊंना तो फार आवडला. दुसऱ्यात त्यांनी स्वतःच दिलगिरीसुद्धा काढून टाकली. म्हणाले, स्टेशनने चूक कबूल करायची नसते, उद्या प्रत्येक जण येऊन उभा राहील. आणि जाता जाता म्हणाले, निवेदकाच्या जागेचा निर्णय सोमवारी आहे, हे लक्षात असू दे. चांगला माणूस आहे सामिऊ, पण स्टेशन वाचवता वाचवता कधीकधी गाव विसरतो.

मी तो कागद वाचला. म्हटलं, हे ऐकून तू बोटीत बसली असतीस का? ती उठून फिरायला लागली, खोलीत इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी मीच ओरडले की एका जागी बस, मला चक्कर येते. घड्याळाकडे बघायचं नाही ठरवून मी दर मिनिटाला बघत होते.

एक वाजता ती आत गेली. तिच्या हातात सामिऊंनी सही केलेला कागद होता आणि खाली सेमिसीचा. मी काचेबाहेर उभी होते. तिने सामिऊंचा कागद उलटा करून ठेवला.

"मी फाने मोआला, कोलोफोऊची, कॉलेजात शिकते," ती म्हणाली. "काल सेमिसी लोलोहेआ यांचं निवेदन मी वाचलं. त्यातली नावं मी कापली. घरच्यांनी कापली नाहीत. पहिली ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. तो कागद माझ्यासमोर आहे. पहिलं नाव त्यांच्या बहिणीचं आहे."

मग तिने अख्खा कागद वाचला. इलाइसानेपासून पार सिडनीच्या नातवापर्यंत. चार मिनिटं दहा सेकंद. मटणाचं गाणं राहून गेलं. सामिऊ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते.

त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. पाच वाजले, बोट सुटली असणार. कोण बसलं, कोण नाही, कळायला मार्ग नाही. कितिओने बिचारा घरी भट्टीत रताळी लावत बसला असेल, आपण पाहुण्यांना जेवू घालतोय की लाज झाकतोय हे न कळून. मी घरी जाऊन भात लावला तो करपला.

शनिवारी पहाटे मी धक्क्यावर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. फाने आधीच तिथे होती, काळ्या कपड्यांत, आईची जुनी चटई कमरेला, बोट बांधायच्या खुंटाभोवती फेऱ्या मारत. कितिओने गाडी घेऊन लांब उभा होता. जवळ यायची त्याची हिंमत नव्हती.

बोट लागली. पोती उतरली, डुकरं उतरली, शाळेतली पोरं उतरली. माणसं संपत आली. फाने माझा दंड इतका घट्ट धरून होती की दुसऱ्या दिवशी काळानिळा झाला. मग फळीवरून एक उंच म्हातारी उतरली. मागे दोन तरुण पोरांच्या खांद्यावर चटयांची गुंडाळी. तिने कितिओनेकडे बघितलंही नाही. सरळ आमच्यासमोर आली.

"रेडिओवरची ती तूच का?"

फानेने मान हलवली.

मला वाटलं आता म्हातारी फैलावर घेणार. पण ती हात पुढे करून म्हणाली, "कागद कुठाय?"

फानेने पदरासारखी घट्ट धरलेली चटई सैल केली आणि आतून कागद काढला. म्हातारीने चष्मा लावला. धक्क्यावर वारा होता, कागद फडफडत होता, म्हणून फानेने दुसरं टोक धरलं. ती एकच ओळ म्हातारी खूप वेळ वाचत होती. मग तिने अंगठा ‘माझी’ या शब्दावर ठेवला.

"अक्षर त्याचंच आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून असंच गचाळ."

आणि तिथेच, उतरलेल्या डुकरांच्या मधोमध, ती फानेच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. फाने हलली नाही. म्हातारीचं रडून होईपर्यंत ती जागची हलली नाही.