महानंदाताईंचे सहा कॉम्प्युटर

महानंदाताई सासर सोडून केजला परत आल्या तेव्हा त्यांचे पुढचे दोन दात नव्हते. नवऱ्यानं तांब्या मारून पाडले होते. त्यांचे वडील धोंडप्पा यांचं एसटी स्टँडजवळ पेंडीचं दुकान. त्यांनी लेकीला काही विचारलं नाही. दुकानाची पुढची खोली रिकामी केली आणि म्हणाले, "इथं तुला काय करायचं ते कर." ताईंनी अंबाजोगाईला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि २००२च्या दिवाळीनंतर लातूरहून सहा जुने कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणले. पाचांवर गेम, सहाव्यावर इंटरनेट.

मी तेव्हा नववीत होते. आम्ही दिवसभर कुठं असतो हे घरी कुणी विचारत नसे. पोरं विहिरीत उड्या मारायची, जीपच्या मागं लोंबकळत युसूफ वडगावच्या बाजाराला जाऊन यायची. माझी आई पारूबाई कामाला निघताना एवढंच म्हणायची, "यशे, दिवेलागणीला घरात दिस." त्यामुळे रविवारी ताईंच्या खोलीत वीस-पंचवीस पोरंपोरी कोंबलेली असली तरी कुणाच्या आईबापाला त्याचं काही वाटत नसे.

पाची कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडलेले होते. खेळ बंदुकीचा. पडद्यावर रक्ताच्या चिळकांड्या उडायच्या आणि खोलीत नुसता कालवा. सगळ्यात तरबेज होती माझी मैत्रीण सत्यभामा. भिंतीआड दबा धरून ती एकेकाचं डोकं उडवायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही. एकदा तिच्याकडून हरलेल्या एका पोरानं शेजारच्याचं डोकं धरून टेबलावर आपटलं. भुवई फाटली, की-बोर्डवर रक्त सांडलं. ताईंनी त्या पोराला कॉलर धरून रस्त्यावर नेलं. "खेळात शंभर मार. हितं हात उचलायचा न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. तो महिनाभर दारात येऊन उभा राहायचा, पण त्याला आत घेतलं नाही.

सहाव्या कॉम्प्युटरवर सत्यभामा चॅटिंग करायला लागली. समोरचा म्हणायचा, मी वीस वर्षांचा आहे, लातूरला कॉलेजात आहे. तिनं त्याला शाळेचं नाव सांगितलं, मग गावाचं. एका गुरुवारी मधल्या सुट्टीत ती मला म्हणाली, "तो स्टँडवर येऊ लागलाय. मी नुसती बघून येते." तिनं माझ्याकडून शपथ घेतली. मी दहा मिनिटं ती पाळली आणि मग धावत ताईंकडे गेले.

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा मिशा पिकलेल्या एका माणसानं सत्यभामाचं मनगट धरलं होतं आणि तो तिला लातूरच्या गाडीकडे ओढत होता. ती ओरडत नव्हती, नुसती मागं रेलत होती. ताईंनी त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. त्यानं त्यांच्या पोटात लाथ घातली. त्या पडल्या, पण त्याचा पाय त्यांनी सोडला नाही. मग लोक जमले. पोरगी पळवतोय म्हटल्यावर चपला, बेल्ट, जे हाताला लागेल त्यानं त्याला तुडवलं. पोलीस आले तेव्हा त्याचा एक डोळा सुजेखाली दिसत नव्हता.

गहिनीनाथकाका, म्हणजे सत्यभामाचे वडील, कळंब रस्त्याला जीप चालवायचे. त्यांना हे कळलं तेव्हा आम्ही ताईंच्या खोलीत बसलो होतो. ते जीपची चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊनच आत आले. पहिला घाव सहाव्या कॉम्प्युटरवर. काच फुटून आमच्या अंगावर उडाली. मग दुसरा, तिसरा. सहाही फोडून झाल्यावर ते सत्यभामाकडे वळले. वेणीला धरून तिला फरशीवर आपटलं आणि टॉमी उगारली.

ताई मधे आल्या. "पोरीला कावून मारता? तिनं काय केलं?"

घाव ताईंच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. धोंडप्पा पेंडीच्या पोत्याला धरून उभे होते.

हाताला प्लास्टर घालून आल्यावरही ताईंनी तक्रार दिली नाही. "पोरीचं नाव कागदावर येईल," एवढंच म्हणाल्या. गावानं मात्र सगळा दोष त्यांच्यावर टाकला. ज्या आयांनी आजवर पोरं कुठं जातात हे विचारलं नव्हतं, त्याच दारात येऊन बोलून गेल्या. आईनं माझी शाळासुद्धा आठ दिवस बंद ठेवली. ताईंनी हिंमत धरून तीन कॉम्प्युटर दुरुस्त केले, तेव्हा पोरगे आठवड्याभरात परतले. पोरी एकही नाही.

सत्यभामाची शाळा सुटली ती सुटलीच. कडा गावच्या एका मुलाशी तिची सोयरीक ठरत होती. ती सोळा वर्षांची होती. मी ताईंना सांगितलं. त्या एक्स-रेचं पाकीट काखेत मारून निघाल्या, मी मागोमाग.

गहिनीनाथकाका ओसरीवर होते. ताई उभ्यानंच म्हणाल्या, "हा माझ्या मोडलेल्या हाताचा फोटो. सोयरीक केली की ठाण्यात देते."

"निघ हितून," म्हणत काका उठले. तेवढ्यात सत्यभामाची आई वत्सलाबाई मुसळ घेऊन आतून आल्या आणि ताईंच्या पुढं उभ्या राहिल्या. काकांनी वत्सलाबाईंच्या कानशिलात मारली. त्यांनी मुसळ काकांच्या खांद्यावर हाणलं. काकांनी पुन्हा हात उगारला, त्यांनी पुन्हा हाणलं. काका खांदा धरून खाली बसले. बायकोनं आपल्याला मारलं हे त्यांना खरं वाटत नव्हतं.

"पोरगी धाव्वीला बसणार हाय," वत्सलाबाई धापा टाकत म्हणाल्या. मग ताईंकडे वळून, "मला एकदा दाखव त्या डब्यात काय हाय."

दुसऱ्या दिवशी त्या सुजलेल्या गालानं ताईंच्या खोलीत येऊन बसल्या. ताईंनी त्यांना सगळं दाखवलं: कोण काय लिहितं, खोटं नाव कसं घेतात, नको असलेल्या माणसाला कसं बंद करतात. मग वत्सलाबाईंनी इतर आयांना आणलं, माझ्या आईलाही. ताईंनी कॉम्प्युटरचे पडदे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे रस्त्याकडे तोंड करून मांडले. पूर्वी आम्ही नऊ पोरी जायचो, त्यातल्या तीनच परत गेलो. घरातून निघताना आई आता विचारायची, कुणाशी बोलणार, किती वाजता येणार. मला त्या विचारण्याचा राग यायचा.

सत्यभामाची सोयरीक मोडली. ती दहावी पास झाली, पुढं टायपिंग शिकायला ताईंकडे येत राहिली. बंदुकीचा खेळ तिनं पुन्हा कधी उघडला नाही. रस्त्यावर एखादी जीप थांबली की की-बोर्डवरची तिची बोटं थांबायची, आणि जीप पुढं निघून गेली की पुन्हा हलायची.