वाळ्याचं पाणी

माठात वाळ्याची जुडी सोडताना अजूनही माझे कान गरम होतात. साठच्या दशकातली शारजातली दुपार होती. अब्बांसोबत विहिरींच्या कामावर असलेले हैतीचे एक इंजिनिअर आमच्याकडे जेवायला आले होते. पाण्याचा पेला नाकाशी धरून ते हसले. "आमच्या गावच्या शेतांना हाच वास येतो."

आखातात जो तो एकमेकांना विचारतो तेच मीही धीर करून माझ्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, "मग गावी कधी जाणार?"

ते पेला हातात नुसता फिरवत राहिले. फ्रेंच बोलणारा माणूस, कळलं नसेल, असं वाटून मी तोच प्रश्न सावकाश, मोठ्याने पुन्हा विचारला.

"आमचं सरकार परत येऊ देत नाही," ते पेल्यात बघत म्हणाले.

अब्बा माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, "बेटा, पहिल्या वेळीच कळलं होतं त्यांना."