जत्रेच्या गाडीचा फायरमन

चांद्याच्या महाकालीच्या जत्रेला आम्ही दरवर्षी छोट्या गाडीनं जायचो. इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन नेहमी तोच असायचा. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. जंगलातल्या चढावर इंजिन धापा टाकू लागलं की तो ओरडायचा, "उतरा ना भाऊ, थकून राह्यली बिचारी!" मग आम्ही धडाधड उड्या मारून गाडीसोबत चालायचो. काय मजा यायची!

एका वर्षी गाडी चढावर थांबलीच. एका म्हातारीनं देवीचा नारळ इंजिनापुढे फोडला, कुंकू लावलं. सगळे हसले.

"हसता काऊन?" फायरमन म्हणाला. "बाईनं हिले देवी केलं. आता जोडे घालून कसा उभा राहू?"

जोडे काढून त्यानं फावडं उचललं. शिट्टी झाली, गाडी हलली! जयजयकार करत आम्ही डब्यांकडे धावलो.

चांदा आलं, तरी इंजिनाच्या तापलेल्या पत्र्यावर तो अनवाणीच होता.