आमची घरपट्टी वाढवा हो!

आमच्या गल्लीत नगरपालिकेचा वसुलीचा माणूस शिरला की आधी कुत्री भुंकतात, मग एकेक दार लागतं. कोणी आजारी पडतं, कोणी परगावी जातं. कोपऱ्यावरचे एक गृहस्थ तर आजवर तीनदा मावसभावाच्या लग्नाला गेलेत, आणि त्यांना मावसभाऊ एकच. अशा गल्लीत मी एकटी बाई त्या माणसाच्या मागे धावत होते, की साहेब, आमच्याकडे या हो, आमची घरपट्टी वाढवा!

मला वेड लागलं नव्हतं. गोष्ट अशी की सेलूला रेल्वेतून उतरून जीपने आमच्या गावी दर्शनाला येणारे लोक बारमाही. दर्शन झालं की राहायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न. आमच्या घराला वर दोन खोल्या आहेत. त्यांत तुरीची पोती आणि लग्नातल्या गाद्या आरामात राहत होत्या. मी पोती खाली आणली, भिंतींना रंग दिला, गिझर बसवला आणि दोन्ही खोल्यांचे फोटो काढून मोबाइलवरच्या एका ॲपवर टाकले. एक-दोन दिवसांसाठी खोली मिळेल, सकाळी नाष्टा मिळेल. आठवड्याच्या आत पहिल्या कुटुंबाने खोली मागून ठेवली. मी हवेत होते.

मग ॲपवाल्यांचा निरोप आला. गावच्या नगरपालिकेचा ना-हरकत कागद दोन महिन्यांत टाका, नाहीतर तुमच्या खोल्या यादीतून काढू. मी नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने, भला माणूस, मला खुर्ची देऊन नियम समजावला. घरात घरची माणसं राहतात तोवर घरपट्टी निवासी. परक्याला पैसे घेऊन ठेवलं की तेवढा भाग बिगरनिवासी, त्याची पट्टी जास्त. तशी नोंद झाली की ना-हरकत कागद निघतो, आणि तो धंदा करणाऱ्याच्या नावाने निघतो. शिवाय पाहुण्यांची वही ठेवायची. नाव, ओळखपत्र, मूळ गाव, कशासाठी आले आणि शेवटचा रकाना, घरवाल्यांशी नातं. नात्यातला माणूस धंद्यात धरत नाहीत.

एवढं सगळं त्याने सांगितलं, मला ऐकू आलं एकच. धंदा करणाऱ्याच्या नावाने.

घर नवऱ्याच्या नावावर. गॅस सासूबाईंच्या नावावर. रेशनकार्डावर मी चौथी. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण त्या घराच्या कुठल्याही कागदावर माझं नाव पहिल्या ओळीत आलेलं नाही. मला तो कागद हवा होता. अगदी मनापासून, लहान पोरीला जत्रेतल्या बांगड्या हव्या असतात तसा.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "लोक कर चुकवायसाठी वकील लावायलेत, अन् तू कर लावून घ्यायसाठी चपला झिजवायलीस!"

पण माझी खरी अडचण नवरा नव्हता. माझी अडचण माझ्या सासूबाई होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

आत्याबाई चौथी पास. अक्षर मोठं, ठसठशीत. पाहुण्यांची वही मी आणल्या आणल्या त्यांनी ताब्यात घेतली. पहाटे अंघोळ, मग इष्टलिंगाची पूजा, कपाळाला विभूती, आणि मग वही मांडीवर घेऊन ओसरीवर बैठक. वर चढणाऱ्या प्रत्येकाला आधी त्यांच्यासमोर बसावं लागे. आमच्याकडे घरी आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या दिला की दुसरी गोष्ट विचारायची ती म्हणजे, "कुणाकडले तुमी?" तिथून सुरुवात. गाव, मामाचं गाव, बहीण कुठं दिली, सोयरीक कुणाकडं. नातं निघेपर्यंत आत्याबाई माणसाला सोडत नाहीत. आणि नातं निघत नाही असा माणूस परमेश्वराने अजून घडवलेला नाही, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

पहिलं कुटुंब पुण्याचं. मला वाटलं, हे तरी सुटतील. अर्ध्या तासात त्या बाईच्या मावशीची जाऊ गंगाखेडची निघाली. गंगाखेडला आमचे चुलतसासरे. झालं. दुसरा एकटा तरुण, हैदराबादचा. त्याला मराठी येत नव्हतं. आत्याबाई निजामाच्या काळात उर्दू शिकलेल्या वडिलांच्या लेक, त्यांनी दख्खनी सुरू केली. त्याची आजी बिदरची निघाली. बिदरला आमच्या मठातले स्वामी दोन वर्षं होते. म्हणजे गुरुबंधू. तिसरा गुजरातचा व्यापारी, त्याचं तर कुठंच काही जुळेना. आत्याबाई हिरमुसल्या. शेवटी त्याच्या शेजाऱ्याची बायको जिंतूरची आहे हे कळलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वहीच ओढून घ्यावीशी वाटली.

कारण एकदा नातं निघालं की भाडं संपलं. "पाव्हण्याकडून पैसे घेऊ? जीभ झडल माझी!" पाहुण्यांनी पुढे केलेले पैसे त्या परत त्यांच्या खिशात कोंबायच्या. लेकरू बरोबर असेल तर जाताना लेकराच्या हातावर नोट. बाईची ओटी. वर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. ॲपवर आमची कीर्ती पसरली. एकाने लिहिलं होतं, खोली स्वच्छ, पाणी गरम, आजींनी माझा पगार विचारला आणि पैसे परत दिले, नक्की जा.

लोक नक्की येऊ लागले.

एका मंगळवारी कारकून साहेब पाहणीला आले. वरच्या खोल्या पाहिल्या, मोजल्या, समाधानाने मान हलवली. मग वही मागितली. मी जड हाताने दिली. ते नातं हा रकाना वरून खाली वाचत गेले. मावससासऱ्याच्या साडूचा पुतण्या. नणंदेच्या दिराची मेहुणी. गुरुबंधू. जिंतूरवाल्या लेकीचा शेजारी.

"वहिनी," ते म्हणाले, "सतरा पाव्हणे अन् सतराही नातेवाईक. एकाकडूनबी पैसा न्हाई. हा धंदा न्हाई हो. हे लग्नघर हाय."

"पण साहेब, मला बिगरनिवासी पट्टी लावा ना."

"कशी लावू? नात्यात नसलेला, पैसे देऊन पावती घेतलेला एक तरी माणूस दाखवा. एकच. मी सोमवारी येतो."

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "साहेब, चहा घ्या. अन् तुमी कुणाकडले म्हणायचे?"

साहेब ताडकन उठले. "न्हाई माय, माझं काय इचारू नका. नातं निघालं तर ही फाईल मला दुसऱ्याकडं द्यावी लागल!" आणि चहा न घेता निघून गेले. आमच्या घरातून चहा न घेता गेलेला तो पहिला माणूस.

संध्याकाळी माझा तोल गेला. मी रागीट आहे, हे मी लपवत नाही. मी पातेलं आदळलं, पोळपाट आदळला, आदळायला काही उरलं नाही तेव्हा रडले. म्हटलं, "आत्याबाई, तुम्हाला सगळी दुनिया नात्याची. या घरात माझ्या नावाचा एक कागद नाही. एक कागद मागितला मी. तोही कराचा! लोक ज्याला घाबरून मावसभावाचं लग्न लावतात, तो कर मागितला!"

आत्याबाई उठल्या. जेवल्या, ताट धुतलं, आत गेल्या. मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पूजेवरून उठल्या त्या थेट स्वयंपाकघरात आल्या. "सोमवारपर्यंत मी कुणालाच गाव इचारणार न्हाई. लिंगावर हात ठिवून बोललेय." आणि बाहेर जाऊन बसल्या.

तो आठवडा त्यांनी कसा काढला, त्यांचं त्यांना माहीत. तोंडात सुपारी धरून बसायच्या. दूधवाल्याबरोबर त्याचा नवा पाहुणा आला होता. त्याच्याकडे बघून त्यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. नवरा म्हणाला, "आईला डॉक्टरकडं दाखवावं का?"

शनिवारी दुपारी एक जोडपं आलं. पन्नाशीतला माणूस, बायको शांत, हातात दोन पिशव्या. ओळखपत्रावर पत्ता नांदेडचा. मी मनात म्हटलं, बरं झालं, लांबचे आहेत. आत्याबाईंनी वही उघडली. नाव लिहिलं. ओळखपत्राचा आकडा लिहिला. मूळ गावाच्या रकान्यावर पेन ठेवून त्या गप्प बसल्या. विचारायचं नव्हतं ना.

तो माणूसच म्हणाला, "लिवा, माय. मूळ ताडकळस. बाजाराच्या मागं, चिंचंखालचं घर."

पेन थांबलं.

ताडकळस आत्याबाईंचं माहेर. बाजाराच्या मागची ती चिंच मी सोळा वर्षं ऐकत आलेय. तिच्या सावलीत दोनच घरं होती, एक आत्याबाईंचं आणि दुसरं त्यांच्या मैत्रिणीचं. ती एकुलती एक, म्हणून तिथे घरजावई आणलेला. ती मैत्रीण गेल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. आत्याबाईंचं घर कधीच विकलं गेलं, भाऊ उरला नाही. म्हणजे समोर बसलेला माणूस त्या मैत्रिणीचा मुलगा होता. माहेरचं कुत्रं दिसलं तरी बाई भाकर टाकते म्हणतात. इथे तर माणूस होता, आणि त्याला ठाऊकच नव्हतं आपण कुणापुढे बसलोय.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांची मान खाली. मला वाटलं, जाऊ दे कागद. खरंच वाटलं. मी म्हणणार होते, आत्याबाई, बोला. पण त्यांनी डोळे वर करून माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट खोलीची किल्ली पुढे केली. मग त्यांनी ताडकळस लिहिलं, शेवटच्या रकान्यातही काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि सुपारी तोंडात टाकली.

ती संध्याकाळ आत्याबाई जिन्याखाली बसून होत्या. वर पावलं वाजली की मान वर करायच्या. रात्रीच्या भाकरी त्यांनी स्वतः थापल्या, पण वर मला पाठवलं. सांगितलं, "लोणी जास्त घाल. अन् मी सांगितलं म्हणू नको."

रविवारी सकाळी नाष्टा करून ती दोघं खाली आली. माणसाने पैसे काढले. आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या. मी पैसे घेतले, पावती लिहिली, तारीख चुकली म्हणून एक पावती खराब झाली, दुसरी लिहिली.

"झाली का पावती?" आत्याबाई.

"झाली."

"त्यानं सही केली?"

"केली."

"पैसे तुझ्या हातात हायत?"

"आहेत, आत्याबाई."

त्या उठल्या आणि त्या पन्नाशीच्या माणसाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "आता बोलते. तुझी माय अन् मी एका परकरात वाढलाव रे. चिंचंवरून पडून तिनं हनुवटी फोडून घेतली, ती मी ढकलल्यामुळं. तिनं मरस्तोर कुणाला सांगितलं न्हाई."

तो माणूस पिशव्या खाली ठेवून पुढे आला. मग म्हणाला, "तुमीच का त्या ढकलणाऱ्या मावशी? मायनं सांगितलं व्हतं की! लय येळा सांगितलं व्हतं!"

आणि मग जो काही रडण्या-हसण्याचा गोंधळ झाला, त्यात त्यांची जीप गेली. पुरणपोळी झाली. ती दोघं आणखी दोन दिवस राहिली, पण आता खाली, आमच्यात. आत्याबाईंनी बजावलं की हे दोन दिवस वहीत येणार नाहीत, आणि कारकुनाला माझ्या घरची पुरणपोळी मोजायचा अधिकार नाही.

सोमवारी साहेब आले. ओसरीवर गप्पांचा फड रंगलेला. त्यांनी वही मागितली, शेवटची ओळ वाचली, पावतीची स्थळप्रत पाहिली. मी घाबरत घाबरत सगळं खरं सांगून टाकलं, कारण लपवणार कसं, माणूस समोर पुरण चापत होता. साहेबांनी पुन्हा वहीत पाहिलं. हसू दाबत म्हणाले, "मायच्या मैत्रिणीचं पोरगं कायद्यात नात्यात बसत न्हाई, वहिनी. लागली तुमाला पट्टी." या वेळी त्यांनी चहा घेतला. आत्याबाईंनी त्यांना गावही विचारलं, पण सही झाल्यावर.

पंधरा दिवसांनी कागद आला. पहिल्या ओळीत माझं नाव. आत्याबाईंनी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, कागदाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "लय वाढिवली गं पट्टी." मग हसल्या.

त्या दुपारी मी वही काढून बसले. साहेब कशाला हसले ते मी तोवर पाहिलंच नव्हतं. ताडकळसच्या त्या ओळीत, नातं या रकान्यात, त्या मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं:

"पावती होईस्तोर कुणी न्हाई."