माझं उत्तर, त्याचं नाव

“हात दाखव.”

दाखवले. सरांनी पट्टीच्या टोकानं माझा तळवा उचलून पाहिला. बोट नाही लावलं. “हे असले काळे हात मशीनला लावणार? मागे उभी राहा.”

वर्ग हसला. चोपड्याकडच्या आमच्या शाळेत तेव्हा नुकतेच दोन संगणक आले होते. नारळ फोडून, पडदे लावून, सतरंजी अंथरून त्यांना खोलीत बसवलं होतं. आत जाण्याआधी सगळ्यांचे हात तपासायचे.

माझे हात घाण नव्हते. केळीच्या चिकाचे डाग होते ते. सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर बागेत पिलं, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारे कोंब, कापायला जायचे. चीक उडतो, सुकला की काळा पडतो, मग काही केल्या निघत नाही. राखेनं घासले. रॉकेलनं घासले. आई म्हणाली, “घासू नको माय. कातडी जाई, डाग जावाव नही.”

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. सरांना नव्हतं? मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ज्या नानांच्या बागेत आम्ही राबायचो, त्यांचा विजय माझ्याच वर्गात होता. त्याचे हात स्वच्छ. असणारच.

संगणकावर एक खेळ होता. वरून गुणाकार पडायचे, खाली एक घर. वेळेत उत्तर दाबलं नाही की घर कोसळलं. सर म्हणायचे, जोडीनं बसा, एकमेकांना शिकवा. ऐकायला किती छान! माझी जोडी विजयशी लावली. तो खुर्चीत, मी मागे.

“बोल ना, लवकर.”

“छप्पन्न.”

तो दाबायचा. घर वाचायचं. पडद्यावर नाव त्याचं. महिनाभरात त्या खेळात तो शाळेत पहिला.

मग एके दिवशी सरांनी मला “बेटा” म्हटलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. सर गोड बोलताहेत म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

“उद्या जळगावहून साहेब येणार. तू खुर्चीत बसायचं, विजय तुला शिकवणार. आधी तीन-चारदा चुकायचं. मग तो सांगेल तसं दाबायचं. कळलं?”

“आणि हात?”

“उद्या चालतील.”

उद्या चालतील! म्हणजे माझ्या डागांनी मशीनचं काहीच बिघडत नव्हतं. उलट उद्या ते दाखवायलाच हवे होते. मजुराची पोरगी, मालकाचा पोरगा शिकवतोय. माझ्या अंगाची आग झाली.

साहेब आले. मी खुर्चीत बसले. पहिला गुणाकार पडला, बारा गुणिले नऊ. सर मागून खाकरले. तरी मी एकशे आठ दाबलं. पुढचा पडला. बरोबर. त्याच्या पुढचा, तोही बरोबर. विजय नुसता उभा. त्याला सांगायला काही उरलंच नाही.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आणि थाप विजयच्या पाठीवर मारली. “शाब्बास! किती छान शिकवलंस हिला!”

मी उठले. “त्यानं नाही शिकवलं, साहेब. रोज मीच त्याला सांगते. तो फक्त दाबतो.”

सर हसले. “लहान आहे. काहीतरी बोलते.” साहेबही हसले आणि चहाकडे वळले. विजयला एक गुणाकार विचारून बघावा, असं कुणालाच वाटलं नाही. ते मी नीट लक्षात ठेवलं.

आठवडाभर मला खोली बंद होती. तेवढ्या दिवसांत विजयचं घर रोज कोसळायला लागलं. मग सरांनीच बोलावलं. “झालं गेलं विसर. मागे उभी राहा, त्याला सांगत जा. एकमेकांना मदत करावी.”

उभी राहिले. आकडा पडायला लागला. विजय मान वळवून म्हणाला, “बोल ना.”

उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. मी ओठ मिटले. घर कोसळलं.

“येत नाही?” सरांनी विचारलं.

“येतं. खुर्चीत बसेन तेव्हा सांगेन.”

“मग बाहेर हो.”

बाहेर झाले. वर्ष संपेपर्यंत त्या खोलीत मला पाऊल टाकू दिलं नाही. बाहेर व्हरांड्यात उभी राहून मी एकच ठरवलं, आणि ते अजून बदललेलं नाही. माझं उत्तर यापुढे कुणाच्याही नावावर चढणार नाही. आधी खुर्ची द्या. मग विचारा.