तिसरी नळी आणि जानेवारीतला कूलर

प्रा. मनोहर ठवकर सरांची आणि माझी पहिली भेट पीएच.डी.च्या मुलाखतीत झाली, आणि त्या मुलाखतीत मी सपशेल चुकले. सरांनी एकच प्रश्न विचारला होता: वाहत्या पाण्यात दोन बांबू एकामागे एक रोवले, तर जास्त कोणता हलेल? पाण्याचा मारा पुढच्यावर, म्हणून पुढचाच, असं मी ठणकावून सांगितलं. सर म्हणाले, "काटोलच्या ना तुम्ही? घराजवळ नाला असेल. पाहून या, मग सांगा." रविवारी बाबांना घेऊन संत्र्याच्या बागेमागच्या नाल्यात बांबू रोवले. डोलत होता तो मागचा. सोमवारी तसं कळवल्यावर सर म्हणाले, "मग या उद्यापासून."

पुढच्या नळीमागे पाण्यात भोवरे सुटतात आणि ते मागच्या नळ्यांना हलवतात. सरांनी आयुष्यभर याचाच अभ्यास केला. वीज केंद्रातल्या नळ्या अशाच हादऱ्यांनी झिजतात, तडकतात. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या लांब टाकीत तीन पितळी नळ्या स्प्रिंगांवर एका रांगेत टांगलेल्या असत. त्या घ्यायला सर स्वतः नागपूरच्या इतवारी बाजारात जात, एकेक नळी सरळ आहे का ते काउंटरवर लोळवून पाहत आणि दुकानदार वैतागला की त्यालाच चहा पाजत. त्यांचा नियम एकच होता: आलेख पाहण्याआधी पाण्यात हात घालून नळीला बोट लावायचं.

पाणी संथ असतानाही तिसरी नळी थरथरते, हा सरांच्या सर्वांत गाजलेल्या लेखाचा निष्कर्ष. माझा प्रबंध त्यावरच उभा राहायचा होता आणि माझी तिसरी नळी ढिम्म हलेना. दोन महिने मी हे सरांपासून लपवलं. स्प्रिंगा बदलल्या, पंप तपासला, रडूनही झालं. माझं चुकलं असेल तर तीन वर्षं वाया, आणि सरांचं चुकलं असेल तर ते कोणत्या तोंडानं सांगायचं?

जानेवारीत एकदाचं सांगितलं. सरांनी बाही वर केली, नळीला बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "खरंच हलत नाही हो."

बाजूला आमचे मेकॅनिक गुलाबभाऊ होते. ते चाचरत म्हणाले, "सर, तुम्ही मोजलं तवा मे महिना होता ना. कूलर दिवसभर चालू राहे. त्याचा अन् टाकीचा स्टँड एकच हाये. जागा नव्हती म्हून मीच वेल्डिंग मारलं होतं."

"लावा कूलर," सर म्हणाले.

ऐन थंडीत आम्ही तिघं कुडकुडत उभे होतो आणि तिसरी नळी छान थरथरत होती. सर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. गुलाबभाऊंचा चेहरा पडला. "माह्यी नोकरी तं नाही ना जाऊन राहिली, सर?"

"तुमची कशाला? नागपुरात मे महिन्यात कूलर चालू असतो, हे मला कळायला नको होतं?"

त्याच दुपारी सरांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं: निष्कर्ष चुकीचा आहे, चूक माझी, ती माझ्या विद्यार्थिनीनं शोधली. खाली माझं पूर्ण नाव. एवढं जुनं आता कोण पाहतं, असं एका सहकाऱ्यांनी सुचवलं. सर म्हणाले, "त्यावर भरवसा ठेवून कुणी नळ्या बसवत असेल."

मला मात्र ते एकदाच रागावले, तेही हळू आवाजात. "दोन महिने एकटीनं काढलेत. माझी इतकी भीती वाटावी, असं मी काय केलं होतं?" आजही तो प्रश्न आठवला की वाईट वाटतं.

आता मीही शिकवते. गेल्या आठवड्यात माझी एक विद्यार्थिनी दारातूनच म्हणाली, "मॅडम, तुमच्या लेखातलं गणित चुकलं आहे." ते तिला त्याच सकाळी सापडलं होतं. मी तपासलं, पोरीचं बरोबर होतं. माझी खुर्ची जरा हलली खरी, पण ती धावत माझ्याकडेच आली याचा आनंद जास्त होता, आणि तो सरांमुळेच माझ्या वाट्याला आला.

नियतकालिकाला पाठवायचं पत्र मी लिहिलं आहे आणि पंच्याहत्तरीचे सर ते तपासून देणार आहेत. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि त्यांना भरपूर आयुष्य लाभो. माझ्या पुष्कळ चुका अजून सापडायच्या आहेत.